डिझेल गाडीचा ऑक्सिजन सेन्सर खरंच गेलाय का, ते असं बघा

चेक लाईट लागली, स्कॅनरवर (गाडीला जोडून बिघाडाचे कोड वाचायचं यंत्र) ऑक्सिजन सेन्सरचा, म्हणजे सायलेन्सरमधल्या धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचा, कोड आला की लगेच सेन्सर बदला म्हणून सांगायलेत. सेन्सर महाग येतो, आधी तपासा मग पैसे घाला. आणि व्हिडिओत दाखवतात ती ०.१ ते ०.९ व्होल्टवाली टेस्ट इथं लावू नका, ती पेट्रोलच्या जुन्या पद्धतीच्या सेन्सरची आहे. डिझेलला बहुतेक पाच वायरचा वाईडबँड सेन्सर असतो, म्हणजे ऑक्सिजन नेमका किती ते मोजणारा.

पहिलं कोड नीट वाचा. पी०१३५ किंवा पी००३० असेल तर तो सेन्सरच्या हीटरच्या सर्किटचा आहे, म्हणून आधी फ्यूज बघायचा, मग सेन्सरचा कपलर (वायरचा जोड) काढून हीटरच्या सप्लायला १२ व्होल्ट येतायत का ते. सप्लाय ठीक असेल तर गाडी गार असताना सेन्सरच्या बाजूनं हीटरच्या दोन पिनांवर मीटर लावा, साधारण ३ ओहमच्या आसपास यायला पाहिजे, काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटलाय.

वायरिंग हातानं चाचपून बघा. आपल्याकडं गाडी सोयाबीन-कापसाच्या गोदामाशेजारी लावलेली असती, उंदीर वायर कुरतडून ठेवतात. सेन्सरच्या आधी सायलेन्सरच्या जॉइंटवर काळी काजळी दिसली तर तिथं लीक आहे, त्यानं रीडिंग चुकतं, तिथं सेन्सरचा काही दोष नसतो.

आता माझी सगळ्यात भरवशाची टेस्ट. ऑक्सिजन टक्क्यात दाखवणारा स्कॅनर लावा, साध्या डोंगलवर (मोबाईलला जोडायचा छोटा स्कॅनर) सगळ्या गाड्यांचा दिसत नाही. इंजिन चांगलं गरम झालं की मांजरसुंब्याच्या घाटासारख्या उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडा, डिझेल बंद होतं आणि सायलेन्सरमधून नुसती हवा जाती, हवेत ऑक्सिजन २१ टक्क्यांच्या जवळ असतो म्हणून सेन्सरनंही तेवढंच दाखवायला पाहिजे. परत ॲक्सिलरेटर दाबला की आकडा झपकन खाली यायला पाहिजे. चालवणाऱ्यानं स्क्रीनकडं बघू नये, शेजारच्याला बघायला सांगा. डीपीएफची, म्हणजे काजळी अडवणाऱ्या फिल्टरची, सफाई चालू असताना ही टेस्ट करू नका.

उतारावर नुसती हवा जातानाही आकडा १६-१७ टक्क्यांवरच अडकला किंवा आकडा हलतच नसला, आणि वायरिंग, लीक सगळं ठीक असलं, तरच सेन्सर बदला. आकडा बरोबर येतोय पण गाडी पिकअप घेईना, काळा धूर मारती, तर ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आणि एअरफ्लो सेन्सरकडं (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) वळा.

जुना काढताना २२ चा पाना लागतो, सायलेन्सर कोमट असताना निघतो सोपा. नवीन बसवल्यावर स्कॅनरनं कोड पुसा, काही गाड्यांत गाडीच्या कॉम्प्युटरनं जुन्या सेन्सरवरून लक्षात ठेवलेलं लर्निंगही रिसेट करावं लागतं.