घातक मालाच्या गाडीसाठी लायसन्सवर 'हॅझार्डस' नोंद कशी करून घ्यावी

पेट्रोल, एलपीजी, ॲसिड, अमोनिया किंवा क्लोरीन भरलेली गाडी चालवायला अवजड वाहनाचे लायसन्स पुरत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९ प्रमाणे चालकाने तीन दिवसांचे प्रशिक्षण उत्तीर्ण व्हावे लागते आणि त्यानंतर लायसन्सवर तशी स्वतंत्र नोंद करून घ्यावी लागते. आमच्या धंद्यात या नोंदीला सगळे 'हॅझार्डस' म्हणतात. तळोजा, पाताळगंगा आणि महाड येथील कारखान्यांचा माल वाहणाऱ्या चालकांची ही कागदपत्रे मी अनेक वर्षे करून घेत आलो आहे. टँकर उभे राहतात त्या नाक्यांवर याबाबत जो सल्ला फुकट मिळतो, त्यातील निम्मा चालकाची रोजी बुडवणारा असतो, हे मी अनुभवावरून सांगतो.

ट्रान्सपोर्ट वाहनाचे लायसन्स मुदतीत असावे, हे वेगळे सांगायला नको. भाषेची अट मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील किमान एक भारतीय भाषा आणि तिच्या जोडीला इंग्रजी, अशा दोन्ही भाषा चालकाला वाचता-लिहिता आल्या पाहिजेत, असे नियम सांगतो. ही अट जाचक आहे असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही, कारण टँकरच्या अंगावरची आणि मालाच्या कागदांवरची माहिती बहुतेक वेळा इंग्रजीतच असते. चालकाचे इंग्रजी कच्चे असेल, तर प्रशिक्षणाला पाठवण्याआधी दोन आठवडे मी त्याला रोज गाडीवरचेच दहा शब्द वाचायला लावतो. 'फ्लेमेबल', 'कोरोसिव्ह', 'टॉक्सिक' एवढे शब्द अक्षरे लावून वाचता येऊ लागले की पुढचे सोपे जाते.

प्रशिक्षण राज्य शासनाने मान्यता दिलेल्या संस्थेतच घ्यावे. पैसे भरण्यापूर्वी त्या संस्थेचे मान्यतापत्र पाहावे आणि त्यावरील मुदत वाचावी. तीन दिवस न बसता प्रमाणपत्र मिळवून देतो, असे सांगणारा माणूस प्रत्येक ट्रक टर्मिनलवर भेटतो. त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नये. सुरुवातीच्या काळात आमच्याकडे आलेल्या एका चालकाने असेच प्रमाणपत्र आणले होते. त्याच्या टँकरवरील फलकावरचा आकडा कशाचा, असे मी विचारले, तेव्हा त्याने तो गाडीचा कंपनी नंबर असल्याचे सांगितले. त्याच्या गाडीत सल्फ्युरिक ॲसिड होते आणि फलकावरचा १८३० हा आकडा त्याच ॲसिडची ओळख सांगणारा होता. त्या दिवशी त्याला मी गाडीवरून उतरवले आणि पुन्हा पूर्ण प्रशिक्षणाला बसवले.

बचावात्मक वाहनचालन, गाडी हाताळण्याचे प्रगत कौशल्य आणि मालाची सुरक्षितता असे अभ्यासक्रमाचे तीन भाग आहेत. पहिले दोन भाग जुन्या चालकांना बहुतांशी येत असतात. तिसऱ्या भागाकडे मात्र सारे लक्ष द्यावे. टँकरच्या दोन्ही बाजूंना आणि मागे जो माहितीफलक असतो, त्यावरील चार अंकी यूएन क्रमांक मालाची ओळख सांगतो: १२०३ म्हणजे पेट्रोल, १०७५ म्हणजे एलपीजी, १०१७ म्हणजे क्लोरीन, १००५ म्हणजे निर्जल अमोनिया. आणीबाणीत काय करावे ते थोडक्यात सांगणारा 'हॅझकेम' संकेतही त्याच फलकावर असतो; त्यातील पहिला आकडा आग कशाने विझवायची ते सांगतो. २ असेल तर पाण्याचा बारीक फवारा, ३ असेल तर फेस, आणि ४ असेल तर मालाला पाणी लागूच द्यायचे नाही. शेवटी इंग्रजी 'ई' असेल तर आसपासची माणसे हलवण्याचा विचार करावा लागतो. गळती झाल्यावर विहिरी, नद्या आणि तलाव कसे वाचवावेत, हेही याच भागात येते. जून २०२३ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर लोणावळ्याजवळ टँकर पेटला, तेव्हा पुलावरून जळते रसायन खालच्या रस्त्यावर पडले आणि टँकरशी काहीही संबंध नसलेल्या, खालून जाणाऱ्या माणसांचे प्राण गेले. या शिक्षणाचा उपयोग चालकापुरता किंवा मालकापुरता नसतो, हे मी प्रत्येक नव्या चालकाला याच घटनेवरून समजावतो.

आता ज्या टप्प्यावर सर्वांत जास्त माणसे अडकतात आणि मीही एकदा अडकलो, त्या टप्प्याकडे येतो. प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र म्हणजे गाडी चालवण्याची परवानगी नव्हे. ते केवळ नोंदीसाठी अर्ज करण्याचा आधार आहे. परवानगी मिळते ती परवाना प्राधिकाऱ्याने, म्हणजे आरटीओने, लायसन्सवर नोंद केल्यानंतरच. प्रमाणपत्र हाती आले, त्यावर शिक्का आहे, फोटो आहे, आता काय राहिले, असे चालकाला वाटते, आणि मालकालाही माल हलवण्याची घाई असल्यामुळे तेच सोयीचे वाटते.

आमच्या एका अनुभवी चालकाने प्रशिक्षण पूर्ण केले, अर्ज केला आणि शुल्काची पावती आणून माझ्या टेबलावर ठेवली. पावती पाहून मी त्याला भरणीला पाठवले. टर्मिनलच्या गेटवर सुरक्षारक्षकाने त्याचा लायसन्स क्रमांक मोबाइलवर टाकला, तेव्हा पडद्यावर 'हॅझार्डस व्हॅलिड टिल' या ओळीपुढे तारखेच्या जागी 'एनए' (म्हणजे नोंद नाही) एवढीच दोन अक्षरे होती. रिकामा टँकर परत आला, दिवस वाया गेला आणि चालकाला रांगेतल्या सगळ्यांसमोर मान खाली घालावी लागली. चूक त्याची नव्हती, माझी होती. तो माल भरून निघाला असता आणि वाटेत अपघात झाला असता, तर विम्याच्या दाव्यापासून फौजदारी कारवाईपर्यंत सगळे या दोन अक्षरांवर येऊन अडकले असते. तेव्हापासून पावतीवर मी कुणालाही गाडी दिलेली नाही.

हा टप्पा नीट पार पडावा म्हणून कामाचा क्रम उलटा लावावा, असे मी आग्रहाने सांगतो. आधी अर्ज कोणत्या कार्यालयात करायचा ते ठरवावे आणि मगच संस्था निवडावी. चालक ज्या परवाना प्राधिकाऱ्याच्या हद्दीत राहतो, त्याच्याकडेच हा अर्ज करायचा, असे नियम स्पष्ट सांगतो. कळंबोलीत किंवा उरणला गाडी चालवणाऱ्या कित्येकांचे घर आणि लायसन्स उत्तर प्रदेश, बिहार किंवा राजस्थानातील असते. अशा चालकाने येथील संस्थेत तीन दिवस बसून प्रमाणपत्र घ्यायचे आणि गावी गेल्यावर तेथील कार्यालयाने ते तपासणीसाठी अडवून ठेवायचे, हा प्रकार मी अनेकदा पाहिला आहे. म्हणून ज्या कार्यालयात नोंद व्हायची आहे तेथे प्रत्यक्ष जाऊन किंवा घरच्या माणसाला पाठवून, कोणत्या संस्थांची प्रमाणपत्रे तेथे स्वीकारली जातात, हे आधी विचारून घ्यावे. येथील वास्तव्याचा पक्का पुरावा असेल, तर आधी लायसन्सवरील पत्ता बदलून घेणे आणि नंतर नोंदीचा अर्ज करणे, हा मार्ग लांबचा वाटला तरी शेवटी त्यातच वेळ वाचतो.

दुसरी काळजी नावाची. लायसन्सवर वडिलांचे नाव मधे आहे आणि प्रमाणपत्रावर नाही, किंवा आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग एका अक्षराने वेगळे आहे, एवढ्या कारणावरून अर्ज परत आलेले मी पाहिले आहेत. प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी लायसन्स समोर ठेवून, त्यावर जसे आहे तसेच नाव आणि लायसन्स क्रमांक संस्थेच्या नोंदवहीत लिहून घ्यावा. प्रमाणपत्र छापून झाल्यावर दुरुस्तीसाठी घालाव्या लागणाऱ्या चकरा फार महाग पडतात.

अर्ज 'सारथी' या लायसन्सच्या सरकारी संकेतस्थळावर भरता येतो. लायसन्स आणि प्रमाणपत्र जोडावे, शुल्क भरावे आणि अर्ज क्रमांक जपून ठेवावा. कार्यालयाने बोलावले तर मूळ कागद घेऊन जावे.

त्यानंतर रोज नाही, तरी दोन-तीन दिवसांनी सारथीवर आपल्या लायसन्सची माहिती स्वतः उघडून पाहावी. एजंटने 'झाले' म्हणून सांगितले, यावर समाधान मानू नये. 'हॅझार्डस व्हॅलिड टिल' या ओळीपुढे तारीख उमटली की काम झाले. त्या पानाची छापील प्रत केबिनमध्ये ट्रेम कार्डाशेजारी ठेवावी. ट्रेम कार्ड, म्हणजे मालाची आणि आणीबाणीत काय करावे याची लेखी माहिती, माल पाठवणाऱ्याकडून मागून घेतल्याशिवाय गाडी हलवू नये. ती केबिनमध्ये ठेवण्याची जबाबदारी चालकाची आहे.

नोंदीच्या मुदतीबाबतही मोठा गैरसमज आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर ट्रान्सपोर्ट लायसन्सची मुदत पाच वर्षे झाली, पण घातक मालाच्या परवानगीची मुदत तीनच वर्षे आहे. पूर्वी ती एकच वर्ष होती. कार्डावरची मोठी तारीख पाहून चालक निश्चिंत राहतात आणि दोन वर्षे आधीच ही परवानगी संपून जाते. नूतनीकरणासाठी एक दिवसाचे उजळणी प्रशिक्षण घ्यावे लागते. मुदत संपण्याच्या तीन महिने आधी त्याला बसावे, कारण संस्थेची तुकडी भरेपर्यंत थांबावे लागते आणि मध्ये एखादा सण आला तर चालक गावी गेलेला असतो. आमच्या कार्यालयात भिंतीवर प्रत्येक चालकाच्या नावापुढे दोन रकाने आहेत: एकात लायसन्सची तारीख काळ्या शाईने आणि दुसऱ्यात हॅझार्डसची तारीख लाल शाईने लिहिलेली असते. लाल तारीख मी कार्डावरून किंवा पावतीवरून लिहीत नाही. चालकाला शेजारी बसवून, सारथीवर उघडलेल्या पानावरून ती त्याच्याकडूनच मोठ्याने वाचून घेतो आणि मगच भिंतीवर चढवतो.