मोफत द्या, पण तारीख टाकून

रबाळे एमआयडीसीत मी मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन आहे. हाताखाली येणारी आयटीआयची मुलं दरवर्षी तेच प्रश्न विचारायची आणि मी दरवर्षी त्याच आकृत्या काढून द्यायचो. एकदाच नीट लिहून सगळ्यांना फुकट द्यावं, असं मनात आलं. ठाण्याहून रबाळे लोकलने जेमतेम पंधरा मिनिटं, त्यामुळे गाडीत काही लिहून होत नाही. रात्री जेवणं आटोपली की बसायचो. चार महिन्यांत स्टार-डेल्टा स्टार्टरवर, म्हणजे मोटर आधी 'स्टार' जोडणीत कमी करंटवर सुरू करून मग 'डेल्टा' जोडणीत नेणाऱ्या स्टार्टरवर, चाळीस पानांचं पुस्तक झालं, ते स्वतःच्या वेबसाइटवर टाकलं. आज तिथे सहा पुस्तकं आहेत. तुम्हीही आपल्या कामातलं काही लिहिणार असाल, तर माझी एक चूक आधी ऐका.

पुस्तक येऊन दोन महिने झाले असतील. रात्री साडेनऊला दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाचा फोन आला. "सर, पान २३ वर तुम्ही लिहिलंय, ओव्हरलोड रिले फुल लोड करंटला सेट करा. पण तुमच्याच आकृतीत रिले मेन कॉन्टॅक्टरच्या खाली आहे. मग त्यातून सगळा करंट जातोच कुठे?"

ओव्हरलोड रिले म्हणजे करंट मर्यादेबाहेर गेला की मोटर बंद करणारं उपकरण, मेन कॉन्टॅक्टर म्हणजे मोटरला वीज जोडणारा मुख्य स्विच आणि फुल लोड करंट म्हणजे पूर्ण लोडवर मोटर लाइनमधून घेते तो, नेमप्लेटवर लिहिलेला करंट. मुलगा बरोबर होता. त्या जागी रिलेतून लाइनचा करंट जात नाही, वाइंडिंगचा, म्हणजे मोटरच्या आतल्या तारेच्या वेटोळ्यांचा जातो. डेल्टामध्ये तो लाइनच्या ०.५८ पट असतो. म्हणजे १० एचपीच्या मोटरच्या नेमप्लेटवर १४ अँपिअर असतील, तर रिले साधारण ८.१ वर हवा. माझं वाचून कुणी तो १४ वर ठेवला असता, तर मोटरवर दीडपट लोड आला तरी रिले ट्रिप झाला नसता. वाइंडिंग जळून गेलं असतं.

त्याच रात्री फाइल दुरुस्त करून वेबसाइटवर चढवली आणि निर्धास्त झालो. पुढे आठ महिन्यांनी इलेक्ट्रिक पॅनल बनवणाऱ्या एकाच्या वर्कशॉपमध्ये गेलो, तर भिंतीवर पान २३ ची प्रिंट चिकटवलेली. कोपऱ्यावर ग्रीसचे डाग, म्हणजे रोज बघत असणार. आकडा जुनाच. व्हॉट्सॲपवरून त्यांच्यापर्यंत आलेली पीडीएफ होती ती. पुस्तक कधीचं, नवी प्रत कुठे मिळेल, त्या पानावर काहीच नव्हतं. त्यांनी तरी कसं ओळखावं? मी खिशातलं पेन काढून तिथेच ०.५८ लिहिलं. त्या दिवशी पोटात खड्डा पडला होता.

तेव्हापासून प्रत्येक पानाच्या तळाला आवृत्ती क्रमांक, तारीख आणि वेबसाइटचा पत्ता असतो. फक्त मुखपृष्ठावर टाकून भागत नाही, कारण लोक एकेक पान पाठवतात. फाइलचं नाव मात्र कधी बदलत नाही, म्हणजे कुणी जुनी लिंक उघडली तरी नवीच प्रत मिळते. शिवाय वेबसाइटवर शुद्धिपत्र आहे: कुठलं पान, काय चुकलं होतं, आता काय. ते लपवावंसं वाटेल, पण लपवू नका. तांत्रिक पुस्तक वाचून माणूस चालू लाइनला हात घालतो.

बाकी गोष्टी सोप्या आहेत. टायपिंग युनिकोडमध्येच करा. मी सुरुवातीला डीटीपीवाल्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये केलं होतं. पीडीएफ दिसायची छान, पण 'कॉन्टॅक्टर' शोधलं तर सापडायचा नाही आणि मजकूर कॉपी केला तर भलतीच अक्षरं यायची. सगळं पुन्हा टाइप करावं लागलं. मुलं मोबाइलवर वाचतात, म्हणून ए-४ ऐवजी ए-५ पान घ्या आणि अक्षर मोठं ठेवा. ईपब, म्हणजे ई-बुकची फाइल, दिलीत तर उत्तमच, त्यात मजकूर स्क्रीनप्रमाणे मांडला जातो. वायरिंगच्या आकृत्या मात्र पीडीएफमध्येच जागेवर राहतात, म्हणून मी दोन्ही देतो. गिटहब पेजेस या ऑनलाइन सेवेवर वेबसाइट ठेवायला पैसे लागत नाहीत. स्वतःचा डोमेन, म्हणजे वेबसाइटचा स्वतःच्या नावाचा पत्ता, घेतलात तर दरवर्षीचं नूतनीकरण चुकवू नका, नाहीतर पानापानावर छापलेला पत्ता वाया जाईल.

हक्कांचं मी सविस्तर सांगतो, कारण इथे पुष्कळांची गल्लत होते. मोफत म्हणजे बेवारस नव्हे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लिहिलेल्या मजकुरावर लेखकाचा हक्क आपोआप असतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. एका क्लासने माझं पुस्तक माझं नाव काढून छापलं आणि मुलांना विकलं. पैशांपेक्षा जास्त राग आला तो शुद्धिपत्राचा पत्ताही उडवल्याचा. आता दुसऱ्याच पानावर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना असतो: वाटा, बदला, पण नाव ठेवा, विकू नका आणि बदललेलं पुस्तकही याच अटींवर द्या. हाच नियम आपल्यालाही लागू. कंपन्यांच्या कॅटलॉगमधल्या आकृत्या उचलू नका, स्वतः काढा. काढताना आपल्याला काय कळलेलं नाही तेही उघडं पडतं.

फोन करणारा तो मुलगा आता घणसोलीत नोकरीला आहे. मी सातवं पुस्तक व्हीएफडीवर, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या उपकरणावर लिहितोय. पुस्तकाचं प्रत्येक प्रकरण आधी त्या मुलाकडे जातं. परवाच त्याने तिसरं परत पाठवलं, समासात लाल पेनाने अकरा खुणा करून.