छोट्या नियतकालिकाची सायबर जोखीम कशी तपासावी

चार-पाच माणसांवर चालणाऱ्या नियतकालिकात संगणक-सुरक्षेचा वेगळा विभाग नसतो. संपादन, जाहिराती आणि वर्गणीचा हिशेब ही कामे तीच माणसे आलटून-पालटून करतात, मांडणी आणि मुद्रितशोधन बाहेरची माणसे आपापल्या घरच्या संगणकांवर करतात, आणि वेबसाइट बहुधा कधीकाळी एखाद्या परिचिताने उभी करून दिलेली असते. अशा ठिकाणी मोठ्या कंपन्यांसाठी लिहिलेली तपासणी-यादी हाती घेतली, तर तिच्यातले अर्धे प्रश्न गैरलागू ठरतात आणि जे खरोखर विचारायला हवेत ते तिच्यात सापडत नाहीत. म्हणून येथे सुचवलेल्या पद्धतीची सुरुवात अंकापासून होते. यंत्रांची पाळी नंतर येते.

अंकाचा माग

नुकताच प्रसिद्ध झालेला अंक समोर ठेवावा. त्यातील एका लेखाचा पहिला खर्डा कोणत्या ईमेलवर आला येथपासून छापील प्रत वर्गणीदाराच्या पत्त्यावर रवाना झाली येथपर्यंतचा प्रवास, ज्यांनी त्यावर काम केले त्या सर्वांना एकत्र बसवून, क्रमाने लिहून काढावा. प्रत्येक टप्प्यावर तीन गोष्टी नोंदवाव्यात: फाइल कोठे होती, ती कोणाकोणाला उघडता येत होती, आणि ती ज्या खात्यात होती ते खाते कोणाच्या नावावर आहे. तिसरा प्रश्न किरकोळ वाटतो, पण सर्वांत अनपेक्षित उत्तरे त्याचीच मिळतात. डोमेनची (म्हणजे वेबसाइटच्या व ईमेलच्या पत्त्यातील नावाची) नोंदणी काम सोडून गेलेल्या सहकाऱ्याच्या वैयक्तिक ईमेलवर असते. मागील अंकांच्या मूळ मांडणीच्या फाइली केवळ मांडणीकाराच्या लॅपटॉपवर असतात आणि कार्यालयात फक्त पीडीएफ उरलेली असते. समाजमाध्यमांवरील खात्याचा पासवर्ड कधीतरी गटसंदेशात टाकलेला असतो आणि त्या गटात जुने प्रशिक्षणार्थीही अजून असतात.

असाच दुसरा माग वर्गणीचा काढावा. एका वर्गणीदाराने पैसे भरले, की त्याचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक किती ठिकाणी उतरतो हे पाहावे. मूळ तक्ता एकच असला तरी पाकिटांवरचे पत्ते छापून घेण्यासाठी तो वितरकाला पाठवलेला असतो, वार्तापत्रासाठी दुसऱ्या सेवेत चढवलेला असतो आणि या सगळ्या प्रती दोघा-तिघांच्या ईमेलमध्ये पडून राहिलेल्या असतात. कोणती प्रत ठेवायची आणि कोणती पुसायची हे ठरवणे जोखीम कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, कारण जी माहिती आपल्याकडे नाही ती आपल्याकडून चोरीला जात नाही.

नुकसान कोणाचे होईल

जोखमीचा विचार करताना संपादक स्वाभाविकपणे आपल्या नुकसानाचा विचार करतो: अंक लांबेल, वेबसाइट बंद पडेल, पैसे जातील. नियतकालिकाच्या बाबतीत मात्र मोठे नुकसान पुष्कळदा दुसऱ्याचे होते. जानेवारी २०२३ मध्ये शार्ली एब्दो या फ्रेंच व्यंग-साप्ताहिकाच्या २ लाखांहून अधिक ग्राहकांची नावे, दूरध्वनी क्रमांक आणि घरचे पत्ते हाती लागल्याचा दावा करून ती माहिती विक्रीस काढण्यात आली. ज्या साप्ताहिकाच्या कार्यालयावर २०१५ मध्ये सशस्त्र हल्ला झाला होता, त्याच्या वाचकांचे घरचे पत्ते उघड होणे म्हणजे काय, हे समजावून सांगण्याची गरज नाही. आपले मासिक पाककृतींचे असेल तर वर्गणीदारांची यादी ही बाजारपेठेची माहिती ठरते. ते राजकीय, धार्मिक किंवा लैंगिकतेविषयी लिहिणारे असेल, तर तीच यादी माणसांच्या मतांची आणि खासगी आयुष्याची नोंद ठरते.

टोपणनावाने लिहिणाऱ्यांची खरी नावे, मानधनासाठी घेतलेला त्यांच्या बँक खात्यांचा तपशील, माहिती देणाऱ्यांशी झालेला पत्रव्यवहार आणि नाकारलेली हस्तलिखिते या चार गोष्टींची नोंद स्वतंत्रपणे करावी. नाकारलेले साहित्य कोणी जपून ठेवत नाही, तसेच ते कोणी पुसतही नाही; एखाद्याने विश्वासाने पाठवलेले आत्मकथन संपादकीय ईमेलमध्ये वर्षानुवर्षे तसेच राहते.

शक्यता आणि परिणाम

आता प्रत्येक नोंदीसमोर काय बिघडू शकते ते एका वाक्यात लिहावे आणि दोन आकडे द्यावेत: असे घडण्याची शक्यता १ ते ३ आणि घडल्यास होणारा परिणाम १ ते ३. दहाची पट्टी वापरू नये. सहा आणि सात यांत फरक काय, या वादात दुपार जाते. प्रत्येक आकड्यापुढे कारण मात्र लिहावे, कारण पुढच्या वर्षी आकडा का बदलला हे त्याच वाक्यावरून कळते.

नियतकालिकासाठी या पद्धतीत एक भर घालणे आवश्यक आहे, ती म्हणजे दिनदर्शिका. मांडणीकाराचा लॅपटॉप अंक प्रसिद्ध झाल्यानंतरच्या आठवड्यात बंद पडला तर परिणाम १; फाइल छपाईला जाण्याच्या आदल्या दिवशी बंद पडला आणि दुसरीकडे प्रत नसेल तर परिणाम ३. म्हणून परिणामाचा आकडा नेहमी छपाईच्या आठवड्याला धरून द्यावा. संगणकात शिरून फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्याला तुमचे वेळापत्रक ठाऊक असण्याची गरज नसते, पण त्या आठवड्यात तुमची पैसे देण्याची तयारी वाढलेली असते.

दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून क्रम लावण्याची रीत सर्वत्र आहे आणि ती वापरायला हरकत नाही. तथापि, तिच्या आहारी जाऊ नये. शक्यता १ आणि परिणाम ३ असलेली नोंद गुणाकारात खाली जाते. परिणाम ज्याच्यावर होणार आहे तो आपल्यावर विसंबून असलेला लेखक किंवा माहिती देणारा असेल, तर माझ्या मते ती नोंद गुणाकार काहीही सांगो, वरच राहिली पाहिजे.

मुद्रकाच्या नावाने आलेले पत्र

छोट्या प्रकाशकाचे पैसे बहुतेक वेळा साध्या ईमेलने जातात, त्यासाठी गुंतागुंतीच्या घुसखोरीची गरज पडत नाही. मोठ्यांचेही तसेच होते. नोव्हेंबर २०१० मध्ये कॉन्डे नास्ट या बड्या मासिक-प्रकाशकाला त्यांच्या मुद्रकाच्या नावाशी मिळत्याजुळत्या नावाने ईमेल आला आणि यापुढील बिले नव्या खात्यात भरावीत असे त्यात सांगितले होते. सोबतचा अर्ज भरून दिला गेला आणि काही आठवड्यांत सुमारे ८० लाख डॉलर त्या खात्यात जमा झाले. खऱ्या मुद्रकाने थकबाकीची चौकशी केली तेव्हा हा प्रकार उघड झाला.

हा धोका मोजण्यासाठी कोणतेही सॉफ्टवेअर लागत नाही. हिशेब पाहणाऱ्या व्यक्तीला शांतपणे विचारावे: ‘मुद्रकाचे खाते बदलल्याचा ईमेल उद्या आला, तर तुम्ही नेमके काय कराल?’ उत्तर ‘आधीपासून आपल्याकडे असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करीन’ असे आले तर शक्यता १. ‘त्याच ईमेलला उत्तर देऊन विचारीन’ असे आले तर शक्यता ३, कारण ते उत्तर फसवणाऱ्याकडेच जाईल. ‘संपादकांनी घाईने सांगितले तर भरून टाकीन’ असे आले, तर दोष त्या व्यक्तीचा नाही. घाई करण्याच्या संपादकाच्या सवयीची नोंद जोखीम म्हणूनच करावी.

तांत्रिक तपासणी

ही बाजू लोकांना वाटते तितकी मोठी नसते. एका दिवसात ती उरकते. डोमेनची मुदत, नोंदणीवरील ईमेल आणि हस्तांतर रोखणारे कुलूप चालू आहे की नाही, हे प्रथम पाहावे. ऑगस्ट २०१३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सची वेबसाइट विस्कळीत झाली ती वृत्तपत्राच्या संगणकांत कोणी शिरल्यामुळे नव्हे. डोमेनची नोंदणी ज्या कंपनीकडे होती तेथील खात्यात शिरून पत्ताच दुसरीकडे वळवण्यात आला होता. छोट्या मासिकाच्या बाबतीत शत्रूचीही गरज नसते, नूतनीकरणाची सूचना बंद पडलेल्या ईमेलवर गेली तरी पुरते.

ईमेलच्या बाबतीत एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी आपल्या डोमेनवर आहेत का ते पाहावे; आपल्या नावाने आलेला ईमेल खरा आहे का हे समोरच्याला त्यांवरून पडताळता येते. पडताळणीत न बसलेल्या ईमेलचे काय करावे हे सांगणारे डीमार्कचे धोरण केवळ निरीक्षणापुरते ठेवलेले असेल, तर तुमच्या नावाने कोणी खोटा ईमेल पाठवला तरी तो अडवावा असा निरोप समोरच्याला जात नाही. प्रत्येक ईमेल खात्यावर द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डखेरीज दुसरा पुरावा मागणारी सोय) आहे का, हे ज्याच्या त्याच्या पडद्यावर प्रत्यक्ष पाहावे. ‘आहे’ या तोंडी उत्तरावर विसंबू नये. ‘हॅव आय बीन पोन्ड’ या ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या सेवेत आपल्या डोमेनची मालकी सिद्ध केली, की त्यावरील कोणते पत्ते जुन्या माहिती-चोऱ्यांत आढळले ते कळते.

वेबसाइट वर्डप्रेससारख्या तयार प्रणालीवर असेल तर प्लगिनची, म्हणजे तिला जोडलेल्या पूरक प्रोग्रामांची, यादी काढावी; वापरात नसलेले प्लगिन काढून टाकावेत आणि प्रशासकाचे अधिकार असलेली खाती मोजावीत. ज्या अतिथी-संपादकाने एकच विशेषांक केला, त्याचे खाते त्या यादीत हमखास सापडते. बॅकअप आहे का, हा प्रश्न अपुरा आहे. मागच्या वर्षीचा एखादा अंक निवडून, तो बॅकअपमधून दुसऱ्या संगणकावर परत उभा करून पाहावा आणि किती वेळ लागला तो लिहावा. फॉन्ट सापडले नाहीत, चित्रांचे दुवे तुटले, अशा गोष्टी तेव्हाच कळतात. बॅकअपची किमान एक प्रत कोणत्याही संगणकाला जोडलेली नसावी, कारण जोडलेल्या प्रती रॅन्समवेअर (खंडणीसाठी वापरला जाणारा घातक प्रोग्राम) मूळ फाइलींबरोबरच कुलूपबंद करते.

तपासणीत काही सुटले आहे का हे पाहण्यासाठी अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक-संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सायबरसुरक्षा आराखड्याचा उपयोग होतो. त्यात कामाचे सहा भाग केले आहेत: कारभार ठरवणे, ओळखणे, संरक्षण करणे, शोधणे, प्रतिसाद देणे आणि पूर्ववत करणे. आपल्या नोंदी या सहा भागांत वाटून पाहिल्यास छोट्या संस्थांत सगळे श्रम संरक्षणावर गेलेले आणि ‘शोधणे’ हा रकाना रिकामा राहिलेला दिसतो. अनोळखी ठिकाणाहून खात्यात प्रवेश झाला तर सूचना कोणाला येते, एवढ्या एका प्रश्नाने त्या रकान्याची सुरुवात करता येते.

निर्णय आणि नोंदवही

प्रत्येक नोंदीपुढे चारपैकी एक निर्णय लिहावा: जोखीम कमी करायची, दुसऱ्यावर सोपवायची, ती जोखीम ज्यातून येते ते कामच बंद करायचे किंवा जाणूनबुजून स्वीकारायची. स्वीकारण्यात कमीपणा नाही. जुना छायाचित्रसंग्रह एखाद्या अपघातात गेला तर गेला, असे ठरवून त्याचे पैसे ईमेलच्या सुरक्षेकडे वळवणे शहाणपणाचे असू शकते. मात्र असा निर्णय कोणी आणि कधी घेतला ते लिहिलेले असावे. वर्गणीची रक्कम स्वीकारण्याचे काम पैसे भरून घेणाऱ्या सेवेवर सोपवून कार्डांचे क्रमांक आपल्याकडे न ठेवणे हे सोपवण्याचे चांगले उदाहरण आहे. तरीही चोरी त्या सेवेकडून झाली, तर वर्गणीदारांना कळवण्याचे काम कोणाचे, हे करारात आधीच पाहून ठेवावे.

कमी करायच्या जोखमींपैकी पुढील अंकापूर्वी तीनच हाती घ्याव्यात आणि प्रत्येकीपुढे एका व्यक्तीचे नाव व तारीख घालावी. ‘सर्वजण’ असे लिहिलेली ओळ पुढच्या तपासणीत जशीच्या तशी सापडते.

ही नोंदवही स्वतःच संवेदनशील असते, कारण कोणते दार उघडे आहे ते तिच्यात लिहिलेले असते. ती सामायिक फोल्डरमध्ये ठेवू नये. मुद्रक, वेबसाइट जिच्या संगणकांवर आहे ती होस्टिंग कंपनी, बँक आणि डोमेनची नोंदणी करणारी कंपनी यांचे दूरध्वनी क्रमांक असलेले तिचे शेवटचे पान मात्र छापून कार्यालयात आणि संपादकाच्या घरी ठेवावे. वर्षातून एकदा, शक्यतो दोन अंकांमधल्या निवांत आठवड्यात, संपूर्ण तपासणी पुन्हा करावी. कोणी काम सोडले, नवा मुद्रक नेमला किंवा वर्गणीची व्यवस्था बदलली, तर त्या दिवशी फक्त संबंधित नोंदी काढून तपासाव्यात.