पऱ्हाटीचा फोटो ग्रुपवर टाकाचा कसा

आधी पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, काही दिसलं का पान तोडाचं, खिशात घालाचं अन तालुक्याच्या कृषी केंद्रात न्याचं, तिथं पोचेपर्यंत ते पान पार सुकून जाये अन दुकानदार न पाहताच रॅकवरचा डबा हातात दे. आता बांधावर उभं राहून व्हाट्सअपच्या ग्रुपवर फोटो टाकला का कृषी सहायकाले दिसते, केव्हीकेच्या (कृषी विज्ञान केंद्राच्या) साहेबाले दिसते, हे सुख आपल्या आज्याले कुठं होतं! पण फोटो धड पाह्यजे ना भाऊ. "हे काय आहे?" एवढं लिहून धुक्कट हिरवा फोटो टाकला तर समोरचा सांगन तरी काय.

फोटो सकाळीच काढा, भर दुपारी पान नुसतं चमकते. एक अख्ख्या झाडाचा, एक पानाच्या वरून अन एक पान उलटं करून, हा तिसरा कोणीच काढत नाही अन मावा-तुडतुडे हे रस पिणारे किडे तर तिथंच बसून राह्यते. बाजूले रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे साइज समजते. गुलाबी बोंडअळीचा डाऊट असला तर डोमकळी शोधा, जे फूल उमलतच नाही, पाकळ्या चिकटून राह्यते ते. नखानं उकला, आत अळी असली तर तळहातावर घेऊन फोटो. लहानपणी ती पांढरी असते बरं, गुलाबी नाही म्हणून खुश होऊ नका.

पाठवताना एचडी करा, नाहीतर व्हाट्सअप फोटो दाबून टाकते. लिहाचा कंटाळा असन तर व्हॉइस मेसेज, माईक दाबून वर सरकवला का लॉक होते. त्यात सांगा वाण कोणतं, लावला कधी, ओलिताचा का कोरडवाहू, शेवटची फवारणी कशाची. कामगंध सापळे (वासानं बोंडअळीचे पतंग ओढणारे) असन तर पतंग किती तेही, एका सापळ्यात रोज 8 च्या वर अन लागोपाठ 3 दिवस, म्हणजे फवारणीची वेळ आली.

दोन बाणवाल्या, म्हणजे लय वेळा फिरलेल्या फॉरवर्डमधला "हे तीन औषधं मिक्स करून मारा" वाला सल्ला तर अजिबात ऐकाचा नाही, 2017 ले यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली.

उत्तर आलं का ॲडमिनले सांगून पिन करा, 30 दिवसापर्यंत वर ठेवता येते. अन हात जोडल्याचे इमोजी कमी टाका बाप्पा, त्याच्यातच उत्तर खाली जाते.