ॲक्वामरीन की निळा पुष्कराज? पाण्याच्या पेल्यात पाहा

समुद्राच्या पाण्यासारखा फिका निळा ॲक्वामरीन पाचूचाच सख्खा भाऊ, दोघंही बेरिल या एकाच खनिजाचे. खलाशी तो वादळापासून राखण म्हणून जवळ ठेवत. आपल्या मराठवाड्याला समुद्र नाही, पण हा खडा आवडीनं घेतला जातो. त्याच्या नावाखाली स्वस्तातला निळा पुष्कराज (टोपाझ) गळ्यात पडू शकतो. नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही, वजनाला कळतो.

सराफाकडं ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा असतो. खडा सुटा असतानाच, अंगठीत बसवण्याआधी, एवढं करायला सांगा:

१. खड्याचं वजन लिहून घ्या.
२. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा.
३. खडा बारीक दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडवून अधांतरी धरा. तळाला, कडेला लागू देऊ नका. बुडबुडे चिकटले तर झटका. आकडा वाचा.
४. पहिल्या वजनाला त्यानं भागा. खडा पाण्याच्या किती पट जड, ते कळतं.

२.७ च्या आसपास आलं तर ॲक्वामरीन असू शकतो, ३.५ आलं तर पुष्कराज. २ ग्रॅमच्या ॲक्वामरीनला पाण्यातला आकडा ०.७४ येईल, तेवढ्याच पुष्कराजाला ०.५७.

एक ध्यानात ठेवा: काही काचाही २.७ च्या जवळ येतात, म्हणून भिंगातून आत गोल बुडबुडे आहेत का तेही बघा. ग्रॅमभरापेक्षा लहान खड्यावर या आकड्याचा भरवसा धरू नका.