विहिरीत पाणी असतानाच करायची तयारी

दुष्काळाची तयारी मार्चमध्ये सुरू केली तर हाती टँकरची वाट बघणं एवढंच उरतं. आम्ही माण तालुक्यातले, चार एकरांचे शेतकरी. महाबळेश्वरला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्याच्या या टोकाला पाचशेच्या आतबाहेर, तोही बराचसा परतीचा. त्यामुळे आमचं वर्ष मृगात ठरत नाही, हस्त संपताना ठरतं. हस्त कोरडा गेला की मी वही काढते. २०१८ साली ३१ ऑक्टोबरला राज्यातले १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले, त्यात आमचाही होता. त्या वर्षी वही नव्हती. पुढे लिहिलेलं बरंचसं त्याच वर्षात शिकलेलं आहे.

पहिलं काम दोरीचं. दोरीला दगड बांधून विहिरीतलं पाणी मोजा. किती परस आहे (परस म्हणजे साधारण माणसाच्या उंचीएवढी खोली) ते तारखेसह लिहा आणि दर सोमवारी पुन्हा मोजा. मोटर किती तास चालते आणि उपसलेली विहीर पुन्हा भरायला किती वेळ घेते, तेही शेजारी टिपा. चार सोमवार झाले की पाणी कुठल्या महिन्यापर्यंत पुरेल याचा अंदाज येतो. विहीर सामायिक असेल तर भाऊबंदांनी दिवाळीआधीच एकत्र बसून पाळ्या ठरवाव्यात. पाणी असताना माणसं समजुतीनं बोलतात, तळ दिसायला लागल्यावर शब्दाला शब्द वाढतो.

मग घरचा हिशोब. आम्ही पाच माणसं, माणशी ४० लीटर धरले तर २००. दोन दुभत्या गाईंना उन्हाळ्यात ७०-७० लीटर, कालवडीला ३०, पाच शेळ्यांना मिळून ३०. म्हणजे दिवसाला ४०० लीटर. १ फेब्रुवारी ते १५ जून हे १३५ दिवस, म्हणजे ५४,००० लीटर. हे पाणी पिकाचं नाही, हे आधी मनात पक्कं करा. यातला एक लीटरही डाळिंबाला नाही, घासाला नाही.

आता शेततळ्याचं, कारण इथे आम्ही मोठी चूक केली होती. आमचं तळं १५ बाय १५ मीटर, ३ मीटर खोल. बाजू उतरत्या आहेत, त्यामुळे काठोकाठ भरलं तर ४ लाख ४१ हजार लीटर पाणी मावतं. त्या वर्षी ते निम्म्यापेक्षा थोडं जास्त भरलं होतं, आणि ‘अडीअडचणीला राहू दे’ म्हणून आम्ही त्याला हात लावला नाही. उन्हाळ्यात रोज सात मिलिमीटर पाणी उडतं असं धरा. भरलेल्या तळ्यावरून ते दिवसाला दीड हजार लीटरच्या वर जातं. पातळी खाली गेली की पसारा कमी होतो, तरी घरच्या गरजेच्या दुपटी-तिपटीनं पाणी ऊनच पितं. म्हणून माझं मत ठाम आहे: उघडं पाणी आधी वापरा, झाकलेलं शेवटी. तळ्यातलं पाणी ज्वारी पोटऱ्यात (कणीस अजून पानात असताना) आणि फुलोऱ्यात असताना एकेकदा द्या, उरलेलं फेब्रुवारीपर्यंत झाडांना. विहिरीचं पाणी सावलीत असतं, ते घरासाठी आणि गोठ्यासाठी ठेवा. पण शेजारच्या बोअरनं तेही खाली जाऊ शकतं, म्हणून जमेल तेवढं बंद टाकीत घ्या. १०,००० लीटरची टाकी म्हणजे आमचे पंचवीस दिवस. टाकीला घट्ट झाकण हवं, नाहीतर डास होतात. तळ्यात पाणी ठेवायचंच असेल तर वर शेडनेट ताणा.

रानात काय पेरायचं हे जमिनीच्या खोलीवरून ठरवा. ज्वारीच्या जातींपैकी हलक्या रानात फुले अनुराधा, मध्यम रानात फुले सुचित्रा किंवा आपली मालदांडी. पेरणीआधी रानात वाफे पाडून ठेवले तर पडेल तो पाऊस जागेवर मुरतो. ज्वारी तीन आठवड्यांची झाली की कोळपा, पाच आठवड्यांची झाली की पुन्हा, आणि आठव्या आठवड्यात दातेरी कोळपा चालवून भेगा बुजवा. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, हे आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, सांगायच्या तेव्हा मला ती बोलायची रीत वाटायची. भेग बुजली की ओल आत राहते हे मी पुढे खुरप्यानं उकरून, हातात माती घेऊन पाहिलं. कडेला थोडा हुलगा आणि मटकी असू द्या. दाणे कमी आले तरी माडग्यापुरते येतात.

डाळिंबाचा बहार धरू नका. झाडं जगवायची आहेत, फळं नाहीत. हलकी छाटणी करा, बुडाला पाचट किंवा धसकटांचं जाड आच्छादन घाला, ठिबकच्या नळ्या तपासून चोंदलेले ड्रिपर साफ करा. सीताफळ आणि बोर स्वतःची काळजी बऱ्यापैकी घेतात. नवीन लावलेल्या रोपांशेजारी मात्र तळाला बारीक भोक पाडून वात घातलेलं मडकं पुरा.

चाऱ्याचा हिशोब शेकड्यात मांडा. आमच्याकडची पेंढी साधारण दोन किलोची. गाईला पाच, कालवडीला तीन, म्हणजे दिवसाला तेरा पेंढ्या, १३५ दिवसांना १,७५५. घरचा कडबा किती निघेल ते डिसेंबरमध्ये उभ्या पिकावरून कळतं. कमी पडणार असेल तेवढा तेव्हाच घ्या, होळीनंतर शेकड्याचा भाव हाताबाहेर जातो. गंज उंचवट्यावर रचा, घरापासून आणि चुलीपासून लांब. कुट्टी करून, म्हणजे बारीक तुकडे करून घाला, त्यानं पायाखाली जाणारा चारा वाचतो. निकृष्ट काडाला युरिया प्रक्रिया करता येते: १०० किलो काडाला ४ किलो युरिया ५० लीटर पाण्यात विरघळवून शिंपडायचा, मग ते काड दाबून प्लास्टिकखाली हवाबंद ठेवायचं, २१ दिवसांनी उघडून वारं देऊन घालायचं. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला हा चारा देऊ नका. आणि युरियाचं पाणी गोठ्याजवळ क्षणभरही उघडं ठेवू नका, तहानलेली गाय ते पिते आणि दगावते. तसंच पाण्याअभावी खुरटलेली, गुडघ्याएवढी कोवळी ज्वारी जनावराला चारू नका. तिनंही विषबाधा होते.

आता जे लिहायला जड जातं ते. जनावर विकायचं असेल तर ते नोव्हेंबरमध्ये ठरवा. २०१८ साली आमच्याकडे तीन गाई होत्या, त्यातली एक भाकड. आत्यांचा तिच्यावर जीव होता, म्हणून आम्ही तिला मार्चपर्यंत ठेवलं. तोवर कडबा संपला, तिच्या फासळ्या दिसायला लागल्या आणि बाजारात निम्मीसुद्धा किंमत आली नाही. त्या चार महिन्यांत तिनं खाल्लेला चारा दुभत्या दोघींना कमी पडला, त्यांचंही दूध आटलं. आत्या त्या दिवशी जेवल्या नाहीत. मायेनं ठेवलेलं जनावर उपाशी राहणार असेल तर अंगावर मांस असताना, चारापाणी असलेल्या घरी द्यावं. कुठलं ठेवायचं आणि कुठलं द्यायचं ते घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवा, म्हातारी माणसंही बसलेली असू द्या.

कागदपत्रांचं काम एका दुपारचं आहे, पण चुकवू नका. मोबाइलवरून ई-पीक पाहणी मुदतीत करा, सात-बारावर पीक नसेल तर मदतीच्या वेळी अडतं. जनावरांच्या कानातले १२ अंकी बिल्ले आहेत का ते पाहा, छावणीत जायची वेळ आली तर ते लागतात. छावणीत जनावरं दाटीनं राहतात, म्हणून लाळ्या-खुरकुताची लस आधीच टोचून घ्या.

टँकर सुरू झाल्यावर हंडे बहुतेक बाईच्याच डोक्यावर येतात. म्हणून पिंपाला तोटी, लांब पाइप आणि चाकाची गाडी ही खरेदी ट्रॅक्टरच्या टायरइतकीच गरजेची समजा. सोसायटीचा हप्ता, मुलांची फी आणि दवाखाना यांसाठी रक्कम वेगळी काढा. आणि घरातला एखादा माणूस गप्प झाला, जेवण टाळायला लागला, तर ‘थकला असेल’ म्हणून सोडू नका. त्याच्याजवळ बसा, विचारा, आणि एकट्यावर कर्जाचा हिशोब टाकू नका. मी हे यादीत लिहिते, कारण मनात ठेवलं की राहून जातं.

मे महिन्यात दोन कामं. बियाण्यातले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा, चार-पाच दिवसांनी कोंब किती आले ते मोजा आणि त्यावरून पेरायचं बियाणं वाढवा किंवा बदला. दुसरं, पन्हाळी साफ करा. ५०० चौरस फुटांच्या पत्र्यावर २० मिलिमीटर पाऊस पडला तर नऊशे लीटरच्या आसपास पाणी होतं, सांडलवंड धरूनही सात-आठशे हाती लागतं, म्हणजे घराचे आणि गोठ्याचे मिळून जवळजवळ दोन दिवस. वळवाचं पहिलं पाणी पत्रा धुऊन जाऊ द्या, ते टाकीत घेऊ नका. त्यानंतर पाइप जोडा.