मल्टीजेट पार्श्वभूमी एबीसीडीने काढताय? या चुका टाळा

एलएचसी या कणांच्या टकरी घडवणाऱ्या यंत्रावर डब्ल्यू बोसॉनच्या विघटनातून म्युऑन आणि (डिटेक्टरला न दिसणारा) न्यूट्रिनो मिळतात; हाच आपला सिग्नल. पण बॉटम क्वार्कच्या जेटमधला (एका दिशेने निघालेल्या कणांच्या झोतातला) म्युऑनही कधीकधी एकटा असल्याचा आव आणतो. असं क्वचितच घडतं, तरी जेट इतके अमाप की तेवढंही त्रासाला पुरतं; हीच मल्टीजेट पार्श्वभूमी. इथे नुसत्या सिम्युलेशनवर भिस्त ठेवता येत नाही, म्हणून अंदाज डेटातूनच, एबीसीडी पद्धतीने काढतात.

म्युऑन आयसोलेटेड (आजूबाजूला फारसे कण नसलेला) आहे की नाही आणि मिसिंग ऊर्जा (न्यूट्रिनोसारखे न दिसणारे कण नेतात ती) जास्त आहे की कमी, यावरून चार चौकोन पडतात. ए (आयसोलेटेड, जास्त) हा सिग्नलचा. बी म्हणजे नॉन-आयसोलेटेड आणि जास्त, सी म्हणजे आयसोलेटेड आणि कमी, डीमध्ये दोन्ही उलटं. या दोन गोष्टी एकमेकींवर अवलंबून नसतील, तर एमधली पार्श्वभूमी = बी × सी ÷ डी. समजा बीमध्ये 200 इव्हेंट (नोंदलेल्या टकरी), सीमध्ये 300, डीमध्ये 1200, तर उत्तर 50.

सगळ्यात जास्त घोळ सीमध्ये होतो. तिथे नुसते मल्टीजेट नसतात. कमी मिसिंग ऊर्जेचे खरे डब्ल्यू असतात, झेड बोसॉनमधून आलेले म्युऑनही असतात. 300 पैकी 60 इव्हेंट असे असले आणि ते वजा करायचे राहिले, तर 40 च्या जागी 50 येतात. सिग्नलच्या वाट्याचे 10 गेले पार्श्वभूमीच्या खात्यात! ही वजाबाकी शेवटी सिम्युलेशननेच करावी लागते, त्यामुळे ‘निव्वळ डेटातून’ हे बिरूद जरा जपूनच लावा. वजाबाकीची अनिश्चितताही पुढे न्या.

दुसरी चूक म्हणजे आयसोलेशन आणि मिसिंग ऊर्जेतला सहसंबंध गुणांक शून्याजवळ दिसला की निश्चिंत होणं. तो फक्त रेषीय नातं पाहतो. इथे तर शंकेला भौतिक कारणच आहे: म्युऑनसोबत त्याच क्षयात न्यूट्रिनोही निघतो आणि मूळ जेटचा संवेग आयसोलेशन आणि मिसिंग ऊर्जा दोन्हींवर परिणाम करतो. नॉन-आयसोलेटेड भागाचे आयसोलेशननुसार पट्टे पाडा आणि प्रत्येक पट्ट्यात बी ÷ डी काढून आलेख पाहा. रेषा सपाट हवी. उतार दिसला तर तो आयसोलेटेड बाजूकडे वाढवून पाहा आणि उत्तरात पडणारा फरक सिस्टिमॅटिक (पद्धतीतून येणारी) अनिश्चितता म्हणून धरा.

बी-डी संशयास्पदरीत्या रिकामे दिसतायत? आधी ट्रिगर (कोणते इव्हेंट नोंदवायचे हे ठरवणारी यंत्रणा) तपासा. त्यातच आयसोलेशनची अट असेल तर नॉन-आयसोलेटेड म्युऑन नोंदलेच गेले नसतील. अट नसलेला ट्रिगर बहुधा प्रीस्केल केलेला (दर ठराविक इव्हेंटांमागे एकच नोंदवणारा) असतो, तो गुणक विसरू नका.

आणि बीमध्ये 4 च इव्हेंट उरले तर अनिश्चितता 50 टक्के झाली. मग कट (निवडीची अट) सैल करावासा वाटेल. करा, पण एमधला डेटा उघडून बघण्याआधी.